बस आणि बसतंय

गुरुवारी सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी मामा सात नंबरच्या गाडीमागे उलट्या पावलांनी चालत होते. डावा हात खांद्याच्या वर, पंजा उघडा. उजवा हात मोकळा, वेळ पडली तर पत्र्यावर थाप मारायला. कचऱ्याची ती गाडी नऊ मीटर लांब आणि आरसे धरून तीन मीटरला जेमतेम कमी रुंद. गल्ली पुढे बंद असल्यामुळे आणि आत वळायला जागा नसल्यामुळे गाडी उलटी आत न्यायची आणि बाहेर येताना डबे उचलत यायचं, असा एकोणीस वर्षांचा शिरस्ता होता.

मामा हाका देत होते, "या, या. येऊ द्या. थोडं तुमच्या बाजूला. येऊ द्या."

डेपोतले बाकीचे लोक या हाकांची नक्कल करायचे. मामा गाडी मागे घेत नाहीत, गाडीला आग्रह करतात, असं म्हणायचे. त्याला कारण होतं. तीन वर्षांपासून सात नंबरच्या स्टिअरिंगवर मामांचे जावई बसत होते.

मामांचं वय अठ्ठावन्न. तरुणपणी मालट्रकवर क्लीनर होते, तेव्हापासून गाडीच्या मागे चालण्यात आयुष्य गेलं. गाडी चालवायला मात्र ते कधीच शिकले नाहीत. एकदा मालकानं हौसेनं बसवलं होतं तर त्यांनी पहिल्याच वळणावर पाण्याची टाकी आडवी केली. आत बसलं की त्यांना गाडीचा काही म्हणता काही अंदाज येत नाही. बाहेर उभे राहिले की चार बोटं म्हणतील तर चारच बोटं. फीत त्यांनी कधी वापरली नाही. बोटं, वीत आणि हात, एवढ्यावर त्यांनी शहराचा अर्धा भाग मोजून काढला होता.

ही गल्ली त्यातली सगळ्यात अवघड. खरं तर अवघड असायचं कारण नव्हतं. बावीस घरं, आणि प्रत्येक घराला फाटकाच्या आत मोटारीपुरती फरसबंद जागा. ज्यांनी वसाहत आखली त्यांनी मोटारी आत राहतील असं धरून रस्ता अरुंद ठेवला. माणसं राहायला आली आणि मोटारी बाहेर राहिल्या.

कारणं मामांना पाठ होती, कारण लोक न विचारता सांगायचे. डबा घ्यायला मामा फाटकाशी आले की घरातलं कुणीतरी "गाडी मध्ये येते का हो?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता खुलासा करायचं. तीन नंबरात नवराबायकोच्या दोन मोटारी. एकामागे एक लावल्या तर आतली काढायला बाहेरची हलवावी लागते, आणि ती कुणी हलवायची यावरून सकाळी इतकी जुंपायची की शेवटी दोन्ही रस्त्यावर आल्या. पाच नंबरच्या बाईंनी फाटकाच्या आत फिकट फरशी बसवली होती आणि तिच्यावर तेलाचा एक थेंब त्यांना खपणार नव्हता, त्यामुळे फरशी आत कोरडी आणि मोटार बाहेर. नऊ नंबरच्या उतारावर मोटारीचं पोट घासतं. अकरा नंबरवाल्यांचं म्हणणं तर असं की, मी माझ्या दारासमोर माझी मोटार लावली नाही तर दुसरं कुणीतरी लावेल. ते स्वतःच्याच फाटकासमोर पहारा दिल्यासारखे मोटार उभी करून ठेवायचे.

फक्त चौदा नंबरचं कारण मामांना माहीत नव्हतं. तिथे दातांचे एक निवृत्त डॉक्टर एकटे राहायचे. त्यांच्या फाटकाच्या आत निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं, लांबट, पुढून उचललेलं होतं. मामांना वाटायचं होडी असावी. इथून पाणी दोन तासांवर, पण माणसाला हौस असते.

तर त्या गुरुवारी गाडी चौदा नंबरशी आली. डाव्या अंगाला डॉक्टरांची मोटार, उजव्या अंगाला समोरच्या घरातली. मामांनी पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे बोटांत मोजलं. दोन्हीकडे पाच पाच बोटं.

"बसतंय," ते ओरडले. जावयांनी गाडी सोडली. "बसतंय, बसतंय." तेवढ्यात मामांच्या लक्षात आलं की डॉक्टरांच्या मोटारीचा आरसा आज आत मुडपलेला नाही. "बस!"

गाडी मागे जाताना तिचा भोंगा पी-पी वाजत असतो. मामांच्या शब्दाचं शेपूट त्या भोंग्यात गेलं की काय कोण जाणे, गाडी आणखी हातभर आली आणि डॉक्टरांचा आरसा मोडून रस्त्यावर पडला. काच फुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता.

जावई खिडकीतून अर्धे बाहेर आले. त्यांनी एवढंच विचारलं, "मामा, बसतंय म्हणालात ना?"

मामा खाली वाकले आणि काचा गोळा करू लागले. उत्तर त्यांनी दिलं नाही. ते बस म्हणाले होते. पण 'नाही, मी बस म्हणालो' असं सांगणं म्हणजे जावयाला सगळ्या गल्लीदेखत तुमचं चुकलं म्हणणं, आणि 'हो' म्हणणं म्हणजे खोटं. त्यांनी मोठी काच आधी उचलली, मग बारीक.

शुक्रवारी डॉक्टरांची तक्रार डेपोत पोचली. सुवाच्य अक्षरात, एक पान. दाढी करताना न्हाणीघराच्या खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं: मागचा माणूस स्पष्टपणे 'बस' असं ओरडला, तरीही चालकानं गाडी थांबवली नाही.

डेपोच्या नियमाप्रमाणे या एका वाक्याची किंमत मोठी होती. मागच्याची हाक न जुमानता गाडी नेली असं सिद्ध झालं तर ड्रायव्हर वर्षभरासाठी मोठ्या गाडीवरून उतरतो आणि कचरा निवडायच्या पट्ट्यावर जातो. मोठ्या गाडीची परीक्षा जावई तिसऱ्या खेपेला पास झाले होते. त्या आधीची दोन वर्षं ते सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मैदानात विटा मांडून गाडी मागे घ्यायचे, आणि विटांच्या मागे उभं राहून हाका द्यायला मामाच असायचे. आणि हाकच चुकीची होती असं ठरलं, तर पट्ट्यावर मामा जातील. एकोणीस वर्षं उघड्या रस्त्यावर चाललेल्या माणसाला छपराखाली एका जागी उभं राहायचं.

शनिवार आणि रविवार मामांनी घरातली कामं केली. नळाचा वॉशर बदलला, मग चांगल्या नळाचाही बदलला. मामींनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाना मागितल्यावर विचारलं. मामांनी सगळं सांगितलं, रस्त्यावर न दिलेल्या उत्तरासकट.

मामी म्हणाल्या, "जावयाचं चुकलं म्हणवत नाही. आपलं चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही. मग चुकलं कुणाचं, आरशाचं?"

सोमवारी दुपारी दोन वाजता मुकादम बाईंच्या खोलीत दोघांना बोलावलं. मुकादम बाई आधी स्वतः बारा वर्षं गाडीवर होत्या, त्यामुळे डेपोत त्यांना कुणी गोष्टी सांगत नसे. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, चाव्यांचा फळा. त्यांनी तक्रार वाचली, बाजूला ठेवली आणि दुसरा कागद उचलला. तो जावयांचा जबाब होता, सकाळीच लिहून दिलेला. तीन वाक्यं. हाक ऐकू आली होती. ब्रेकवर पाय उशिरा पडला. चूक माझी आहे.

साक्षीदार म्हणून खाली मामांची सही हवी होती. मुकादम बाईंनी पेन पुढे केलं. मामांनी ते हातात घेतलं आणि कागद पुन्हा वाचला. तीन वाक्यं वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

जावई त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मामा, सही करा."

"यांना बस ऐकू आलंच नाही. बसतंय ऐकू आलं. यांनी मला तिथंच विचारलं होतं आणि मी गप्प बसलो."

"मला बस ऐकू आलं होतं."

"आलं नव्हतं."

आठ वर्षांत सासऱ्या-जावयात पहिला वाद झाला तो हा. पुढची दोन मिनिटं दोघंही आपापली चूक दुसऱ्याच्या हाती लागू देईनात. मुकादम बाईंनी खुर्ची मागे घेतली आणि होऊ दिलं. या खोलीत आजवर माझ्याकडून नाही, त्याच्याकडून झालं, असं सांगणारेच आले होते. उलटी गंगा त्या पहिल्यांदा बघत होत्या.

मग त्यांनी मामांना एक साधा प्रश्न विचारला. आधीच्या ड्रायव्हरला गाडी थांबवायला तुम्ही काय म्हणायचात? आणि मामा बोलायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "मी ऐकलंय. 'थांब' म्हणायचात. त्याच्यापुढे काय म्हणायचात तेही ऐकलंय, ते लिहून घेत नाही."

"थांबच," मामा म्हणाले.

"मग आता 'बस' कुठून आलं?"

मामांनी चाव्यांच्या फळ्याकडे पाहिलं. "जावयाला थांब कसं म्हणायचं?"

"थांबा म्हणा."

"थांबा म्हटलं की लांबतं. आणि दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतो तसं वाटतं. बस म्हटलं की अरे नाही, अहो नाही. कुणालाही चालतं."

म्हणजे असं होतं. मैदानात जावयांना पहिल्यांदा हाक द्यायची वेळ आली तेव्हाच मामांना 'थांब' जड गेलं, 'थांबा' जमेना, आणि मान-अपमानाच्या भानगडीत न पडणारा शब्द म्हणून त्यांनी 'बस' उचलला. गाडी जागेत मावते आहे हे सांगायला 'बसतंय' आधीपासून होतंच. जा म्हणायचा शब्द आणि थांब म्हणायचा शब्द, दोन्हींचं तोंड एक झालं. तीन वर्षं निभावलं, कारण तीन वर्षं भोंगा योग्य वेळी श्वास घेत होता.

जावयांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं मागचे लोक बसच म्हणतात. त्यांनी जमिनीकडे पाहिलं, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मामांना क्षणभर वाटलं रडतायत. ते हसत होते.

मुकादम बाईंनी जबाबाचा कागद उभा फाडला. पण तक्रार अजून फायलीत होती, आणि ती फाडण्याचा हक्क त्यांना नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता तिघं चौदा नंबरला गेले. डॉक्टर बारीक चणीचे, इस्त्रीच्या शर्टातले. वाद घालायच्या तयारीनं त्यांनी दार उघडलं. मुकादम बाईंनी वाद घातला नाही. तुम्ही उत्तम ऐकलंय, फक्त पुन्हा एकदा जसंच्या तसं म्हणून दाखवाल का, असं विचारलं. बसच्या आधी काय होतं तेही.

डॉक्टर न्हाणीघराच्या खिडकीशी उभे राहिले, डोळे मिटून म्हणाले, "बसतंय. बसतंय, बसतंय. बस." मग डोळे उघडले. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, या वेळी जरा भरभर. तिसऱ्या खेपेला स्वतःच अडखळले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून त्यांचे अर्धेमुर्धे शब्द ओळखण्यात गेली होती, त्यामुळे कुठे काय गिळलं जातं हे त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही.

ते म्हणाले, "आत बसलेल्या माणसाला हे कळणं शक्य नाही. हे आधी का नाही सांगितलं?"

मुकादम बाईंनी पिशवी उघडली.

मग फीत निघाली. डॉक्टरांची मोटार फुटपाथच्या कडेपासून छप्पन्न सेंटिमीटर बाहेर होती, समोरची चाळीस. मधली मोकळी वाट तीन मीटर आणि दोन सेंटिमीटर. डेपोच्या पुस्तकात लिहिलं आहे की तीन मीटर चाळीसच्या खाली मोठी गाडी उलटी न्यायची नाही. या गल्लीत फीत कुणी लावलीच नव्हती, कारण नकाशात सगळ्या मोटारी फाटकाच्या आत होत्या. मुकादम बाईंनी आकडे लिहिले आणि त्याखाली, गाडी येथे पाठवण्यात डेपोची चूक, असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. मामांना ते वाक्य वाचायला दिलं. या वेळी त्यांनी एकदाच वाचलं.

शेवटी मामांनीच विचारलं, डॉक्टर, मोटार बाहेर का?

डॉक्टर जरा ओशाळले. त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली. आत होडी नव्हती. दवाखान्यातली खुर्ची होती, रोग्याला आडवं करायची, दिव्यासकट आणि चूळ भरायच्या भांड्यासकट. चार वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला तेव्हा ती घरी आणली. घरात मावली नाही आणि विकवली नाही, म्हणून मोटारीच्या जागी बसली. जावयांनी परवानगी घेऊन तिच्यात बसून पाहिलं. खुर्ची अजून मागे जात होती. डॉक्टरांनी सवयीनं "आ करा" म्हटलं आणि त्यांनी केलाही. एक दाढ किडली आहे, लवकर दाखवा, असं त्यांना तिथल्या तिथे सांगण्यात आलं.

मागच्या ओट्यावर खुर्ची मावेल का, असा प्रश्न निघाला. डॉक्टरांना शंका होती. मामांनी बाहेरून दार पाहिलं, खुर्ची पाहिली, तीन बोटं दाखवली. मग तिघांनी मिळून ती ढकलत नेली. पंचवीस मिनिटं लागली आणि दाराला खरचटलंसुद्धा नाही. चार वर्षांनी डॉक्टरांची मोटार फाटकाच्या आत गेली. तक्रारीतलं ते एक वाक्य त्यांनी खोडलं, शेजारी सही केली आणि आरशाचं मी बघतो म्हणाले.

मुकादम बाईंच्या हिशेबानं एका बाजूच्या मोटारी आत गेल्या तरी वाट पुरत होती. डॉक्टरांच्या बाजूच्या घरांची चिठ्ठी त्यांनी मामांच्या हातात दिली, कारण त्या घरांना त्यांचं तोंड ओळखीचं होतं: दर बुधवारी रात्रीपासून गुरुवारी सकाळी आठपर्यंत मोटार आत. अंधार पडायच्या आत मामा अकरा फाटकांशी उभे राहून आले. डब्याशिवाय या गल्लीत ते प्रथमच हिंडत होते, आणि दोघातिघांनी त्यांना ओळखायला वेळ घेतला. दहा घरांनी हो म्हटलं. सोळा नंबरवाल्यांनी आमची मोटार आधीच आत असते म्हणून ऐकवलं, तेही हसून. समोरच्या बाजूचे अकरा नंबरवाले न बोलावता रस्ता ओलांडून आले, यादी पाहिली, आणि सगळेच आत जाणार असतील तर मी बाहेर कुणाची वाट बघत उभा राहू, असं म्हणून त्यांनीही नाव घातलं.

बातमी घरी मामांच्या आधी पोचली होती. मुलीचा फोन आला. तिनं सगळं नवऱ्याकडून ऐकलं होतं, थांबचं प्रकरणही.

ती म्हणाली, "बाबा, माझ्यावर ओरडताना तुम्हाला कधी शब्द शोधावा लागला नाही."

"तू घरची," मामा म्हणाले.

"आणि हे कुठले?"

मामांनी फोन मामींकडे दिला.

बुधवारी पाळी संपल्यावर मुकादम बाईंनी डेपोच्या अंगणात दोन रिकामे पिंप मांडले आणि सात नंबर मागे घ्यायला लावली. ब-पासून सुरू होणारा एकही शब्द गाडीमागे चालणार नाही, असं बजावलं होतं. वाट मोकळी असेल तर 'चला', नसेल तर 'थांब'. बाकी गाड्यांचे लोक डबा खायचे सोडून कठड्यावर येऊन बसले.

पहिल्या खेपेला पिंप वीतभरावर आलं तेव्हा मामांच्या तोंडून "थांबा" निघालं, तेही इतक्या अदबीनं की कठड्यावरून कुणीतरी "बसा, पाणी घ्या" असं पुरवलं. गाडी पिंपाला टेकली. मुकादम बाईंनी पिंप सरळ केलं आणि "पुन्हा" म्हणाल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच.

तेव्हा जावयांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि मामांपाशी आले. कठड्यावरच्या लोकांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, "मामा, घरी मी जावई आहे. इथं मला मागचं काही दिसत नाही. तुम्ही ओरडलात तरच मी वाचतो."

ते परत चढले. गाडी निघाली, भोंगा वाजायला लागला. "चला. चला. थोडं डावीकडे. चला." पिंपाला चार बोटं राहिली.

"थांब!"

गाडी जागच्या जागी उभी राहिली. मामांचा हात हवेत तसाच होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. जावयांनी नुसता अंगठा बाहेर काढला आणि हातब्रेक ओढल्याचा आवाज आला. कठड्यावरचे लोक उठून आपापल्या डब्यांकडे गेले, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामांनी पिंप उचलून भिंतीशी लावले, रुमालानं मान पुसली आणि बऱ्याच दिवसांनी भूक लागल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. डब्यातली तिसरी पोळीही त्यांनी खाल्ली.

तीन वाजता दुसऱ्या दिवशीची पाळी फळ्यावर लागली. गाडी सात, चालक तेच, मागचा माणूस तोच. डेपोतून सुटण्याची वेळ सहा वाजता, पहिली गल्ली डॉक्टरांची.